बाकावरची तपासणी

आमच्या डायलिसिस सेंटरच्या दाराबाहेर एक लांब लोखंडी बाक आहे. सकाळच्या पाळीचे आम्ही पेशंट त्यावर येऊन बसतो. आत मशीनींची धुलाई चालू असते आणि टेक्निशियन नाव पुकारेपर्यंत कोणाला काही काम नसतं. त्या रिकाम्या वेळात आमचा एक कार्यक्रम चालायचा. तो कोणा डॉक्टरने सांगितलेला नव्हता की भिंतीवरच्या सूचनांमध्ये लिहिलेला नव्हता. आम्ही एकमेकांचे हात पाहायचो.

हात पाहणे म्हणजे भविष्य पाहणे नव्हे. भविष्याबद्दल आम्हाला जेवढं कळायला हवं तेवढं दर महिन्याच्या रिपोर्टात येतं. हात म्हणजे फिस्टुला. किडनी गेलेल्या माणसाच्या हातातली एक धमनी आणि एक शीर छोट्या ऑपरेशनने जोडून देतात. धमनीचं जोराचं रक्त शिरेत घुसतं, काही आठवड्यांत शीर दोरीसारखी जाड होते, आणि मग दर खेपेला तिच्यात दोन मोठ्या सुया टोचून रक्त मशीनकडे नेता आणि परत आणता येतं. अशा हाताला बोट लावलं की आत सतत थरथर लागते. थरथर आहे तोवर रस्ता मोकळा. थरथर थांबली म्हणजे आत रक्ताची गाठ बसली, आणि मग जी काही धावपळ करायची ती ताबडतोब करायची. हे सगळं पहिल्याच दिवशी समजावून सांगतात. सकाळ-संध्याकाळ स्वतः हात लावून पाहत जा, असंही सांगतात. पहिले काही महिने सगळे पाहतात. त्यानंतर हळूहळू आळस येतो, आणि त्या आळसाची भरपाई आम्ही बाकावर बसून एकमेकांकडून करून घ्यायचो.

या तपासणीचा प्रमुख नरखेड तालुक्यातला एक संत्रा बागायतदार होता. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला शेठ म्हणतो, कारण माझं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान आहे. सुरुवातीला आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. पण शेजारशेजारच्या खाटांवर आठवड्यातून तीनदा चार-चार तास पडून राहणारी माणसं अहो-जाहो किती दिवस करणार? तो पहाटेच्या एसटीने यायचा, कपाळाला अष्टगंध, हातात कापडी पिशवी, आणि आल्या आल्या बाकाच्या एका टोकापासून सुरुवात करायचा.

फिस्टुल्याच्या थरथरीला आम्ही सगळे 'मोटर' म्हणायचो, तो शब्द त्याचाच. "चाल, दाखव मोटर," म्हणत तो समोरच्याचा हात मांडीवर घ्यायचा आणि त्यावर आपला डावा पंजा ठेवायचा, नुसती बोटं नव्हे, मनगटापर्यंतचा सगळा पंजा, सपाट. डोळे मिटायचा. थोडा वेळ गेला की निकाल द्यायचा, "चालू हाय." की पुढचा हात.

उजव्या हाताने का पाहत नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"उजव्याले काही समजत नाही बावा," तो म्हणाला. "फावड्यानं पार लाकूड करून टाकला त्याले. डावा नाजूक हाय. घरी पाइपाले हा हात लावला का मले समजते, विहिरीत किती पानी राह्यलं ते."

विहिरीचं मला माहीत नाही, पण लोकांचा त्या डाव्या हातावर विश्वास होता. त्याचा स्वतःचा फिस्टुला त्याच मनगटात होता आणि इतका जोरात चालायचा की सदऱ्याची बाही हलताना दिसे. टेक्निशियन लोक नवीन पोरांना शिकवायला त्याचाच हात वापरायचे. त्यामुळे त्याला या विषयातला जाणकार समजण्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. आत गेल्यावर टेक्निशियन पाहतोच. पण आत जाण्याआधीच भाऊने चालू म्हटलं की माणूस जरा मोकळा होऊन खाटेवर चढायचा. मीही चढायचो.

माझ्या हाताची कथा थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. डायलिसिस सुरू झालं तेव्हा फिस्टुला तयार नव्हता, म्हणून मानेत नळी बसवली होती. त्या नळीतून जंतू आत गेले आणि भर उन्हाळ्यात मी तीन गोधड्या घेऊन दात वाजवत पडलो होतो. त्या आजारपणाने मला जेवढं घाबरवलं तेवढं किडनी गेल्याच्या बातमीने घाबरवलं नव्हतं. मग डाव्या मनगटात फिस्टुला केला, तो कधी पिकलाच नाही, शीर जाड झालीच नाही. मग डाव्याच हाताच्या कोपराजवळ दुसरा केला. तो चालला, आणि चार वर्षं बिनतक्रार चालला. उजव्या हाताच्या शिरा सोनोग्राफीत पाहून सर्जनने तोंड वाकडं केलं होतं. "हाच सांभाळा," एवढंच ते म्हणाले. मी सांभाळत होतो. त्या हाताने तागा उचलत नव्हतो, त्यावर बीपीचा पट्टा बांधू देत नव्हतो, झोपेत तो अंगाखाली आला तर बायको मला हलवून कुशीवर वळवायची. तिची स्वतःची पद्धत होती. सकाळी गॅसवर चहा ठेवला की ती माझ्या कोपराला कान लावायची. चहाला उकळी येईपर्यंत ऐकायची आणि काही न बोलता कप काढायला जायची. बोलली नाही म्हणजे ठीक आहे.

लग्नसराईचे दिवस होते. बायको अमरावतीला तिच्या बहिणीकडे गेली होती, भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मी इकडे मनीषनगरच्या घरी एकटा, आणि एकट्या माणसाने उन्हाळ्यात जे खाऊ नये ते खाल्लं. पोट बिघडलं. शुक्रवारच्या पाळीला गेलो तेव्हा दोन दिवसांच्या जुलाबाने अंगातलं पाणी आधीच गेलेलं होतं. मी ते टेक्निशियनला सांगितलं, पण हसत हसत सांगितलं, त्यामुळे त्यानेही हसत हसत ऐकलं. शेवटच्या तासात माझं बीपी पडलं. डोळ्यांपुढे अंधारी, पाय वर, सलाइन, पंखा, आणि मग हळूहळू खोली जागेवर आली. सुया निघाल्या, रक्त थांबलं, मी रिक्षाने घरी गेलो आणि झोपलो.

शनिवारी दुकान उघडलं. दुपारी गादीवर बसलो असताना सहज डाव्या कोपराला बोटं लावली आणि काही लागलं नाही. जागा बदलून पाहिली. जोरात दाबलं, हलकं दाबलं. कधी वाटायचं काहीतरी आहे, कधी वाटायचं नाही. ज्यांनी स्वतःच्या हाताची नाडी शोधली असेल त्यांना माहीत असेल, भीती वाटली की बोटं खोटं बोलायला लागतात. बायको असती तर कान लावून एका क्षणात सांगितलं असतं. मी फोन हातात घेतला, सेंटरला लावावा म्हणून, आणि तेवढ्यात दारात भाऊ उभा.

त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. आहेराचे दुपट्टे, टोप्या आणि साड्या ठोकात घ्यायला तो माझ्याकडे येईन म्हणून कधीपासून सांगत होता. संत्र्याची झाडं मृग बहारासाठी ताणावर सोडलेली, पाणी बंद, म्हणून त्याला सवड होती. त्याला पाहून मला जो आनंद झाला तो गिऱ्हाईक आल्याचा नव्हता.

"भाऊ, बसू नको, आधी हात पाह्य बरं माझा," मी म्हणालो. "मले काही लागून नाही राहिलं."

"काहून गा, काय झालं?"

"काल तू पाहिलंच ना, बीपी पडलं होतं. पोटही ठीक नाही."

त्याने पंजा सदऱ्याला पुसला, माझ्या शेजारी गादीवर टेकला, माझा हात मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. बाहेर हातगाडीवाले ओरडत होते. मी नोकराला खुणेने पंखा बंद करायला सांगितला, जणू पंख्यामुळे काही बिघडणार होतं. भाऊने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"चालू हाय," तो म्हणाला. "जराशी हळू हाय, पन चालू हाय."

"पक्कं?"

"पक्कं म्हंजे? मोटर बंद असन तं मले समजनार नाही काय? पानी कमी झालं तुह्या अंगातलं, म्हनून हळू चालून राहिली. ताक पे."

मी पाणी मोजून पिणारा माणूस, ताक पिऊ की नको याचाच विचार करत राहिलो. फोन खिशात ठेवला. मला बरं वाटलं, अगदी खरोखर बरं वाटलं, आणि मी त्याला दुपट्ट्यांचा चांगला माल काढून दाखवला. रंगावरून त्याने भरपूर घोळ घातला. मुलाकडच्यांना पांढरा चालत नाही, पिवळा हलका दिसतो, केशरी त्याला स्वतःला आवडत नाही. संध्याकाळी बायकोचा अमरावतीहून फोन आला. तिने पहिला प्रश्न हाताचाच विचारला.

"पाहिला," मी सांगितलं. "भाऊ आला होता दुकानात, त्यानंच पाहिला."

रविवारी गांधीबाग बंद. मी घरी पडून होतो. कोपराजवळची शीर कडक लागत होती, दाबलं तर दुखत होती, आणि तिथली कातडी नेहमीसारखी गरम नव्हती. ही तिन्ही लक्षणं मला माहीत होती, पण भाऊने चालू म्हटलं होतं. एखादा निकाल मनासारखा लागला की माणूस वरच्या कोर्टात जात नाही. दिवसभर मी त्या हाताकडे पाहणं टाळलं.

बायको संध्याकाळच्या गाडीने आली. पायातल्या चपला काढल्या, पाणीसुद्धा न पिता माझ्या खुर्चीजवळ वाकली आणि कोपराला कान लावला. मग कान बदलला. दुसरा कान लावला. मग तिने टीव्ही बंद केला आणि पुन्हा लावला.

"तुमच्या हातात काहीच नाही आहे," ती म्हणाली.

"अवं नीट ऐक. कालच भाऊनं पाहिला."

"भाऊनं पाहिला असेल. माझ्या कानाले काही ऐकू नाही येऊन राहिलं. उठा."

"उद्या सकाळी पाळी आहेच ना. तिथंच दाखवतो."

"उठा म्हणते ना."

आम्ही उठून दवाखान्यात गेलो. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी बोटं लावली, मग स्टेथोस्कोप लावला, मग छोट्या मशीनने आवाज ऐकायचा प्रयत्न केला. मशीनमधून नुसती खरखर आली.

"कधीपासून बंद आहे?" त्यांनी विचारलं.

"काल दुपारी चालू होता," मी लगेच सांगितलं. मला वाटलं, हे उत्तर माझ्या फायद्याचं आहे. दवाखान्यात उशिरा येण्याबद्दल बोलणी खावी लागतात, ती यामुळे टळली. त्यांनीही मान हलवली आणि फोनवर वरिष्ठांना तसंच सांगितलं, की दीड दिवसाच्या आतली गाठ दिसते. मग फोन ठेवून, सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काल कोणी पाहिलं होतं? सेंटरमध्ये?"

"नाही, आमच्या पाळीतल्या एका पेशंटनं. त्याला फार चांगलं समजतं."

"म्हणजे त्यांनाही फिस्टुला आहे?"

"हो."

"कोणत्या हातात?"

"डाव्या. मनगटात."

"आणि तुमचा हात त्यांनी कोणत्या हाताने पाहिला?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी फाइलमधली शुक्रवारची नोंद पाहिली, पुन्हा फोन लावला आणि म्हणाल्या, "सर, शनिवारचं धरू नका. शुक्रवारी डायलिसिस चालू असताना बीपी पडलं होतं, गाठ तेव्हाच बसली असणार, तेव्हापासून धरा."

म्हणजे एक वेळ होती जी माझ्याजवळ आहे असं मी दोन दिवस समजत होतो, आणि ती नव्हतीच. भाऊने आपल्याच मनगटातली थरथर माझ्या हातात ऐकली होती. मला त्या क्षणी भाऊचा इतका राग आला की कान गरम झाले. असल्या रागाचं काय करायचं असतं ते मला अजून समजलेलं नाही.

गाठ काढणारे डॉक्टर बाहेरगावी होते. ते सकाळी आले आणि पहिली केस माझी घेतली. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. ताजी गाठ मऊ असते, विरजण नुकतं लागलेल्या दुधासारखी, नळीने ओढली किंवा औषधाने विरघळवली की बरीचशी निघते. जसजसा वेळ जातो तसतशी ती घट्ट होते आणि शिरेच्या भिंतीला धरते. मग ओढायला गेलं की भिंतही सोलवटते. "म्हणून आम्ही म्हणतो, थरथर थांबली की त्याच दिवशी या. उशीर झाला तरी आम्ही प्रयत्न करतोच, पण मग हात किती साथ देईल ते हातावर असतं." मी टेबलावर आडवा होतो, हात बाजूला पसरलेला, समोरच्या पडद्यावर माझी शीर काळ्या रेषेसारखी दिसत होती आणि मध्येच संपत होती. त्यांनी फुगा घालून तो रस्ता उघडला. रेष पुढे सरकली. टेक्निशियनने माझ्या कोपराला बोट लावलं आणि म्हणाला, "आलं सर." मी डोळे मिटले. थोड्या वेळाने रेष पुन्हा मध्येच संपली. त्यांनी पुन्हा उघडली. ती पुन्हा बंद झाली. असं कितीदा झालं ते मी मोजलं नाही. शेवटी त्यांनी हातमोजे काढले.

"परवाच आला असतात तर नक्की वाचला असता, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "आतमध्ये एका जागी शीर आधीपासून अरुंद झालेली होती. पण काम सोपं झालं असतं आणि शक्यता जास्त होती, एवढं खरं."

त्याच दिवशी माझ्या मानेत नळी बसवली आणि तिच्यातून डायलिसिस केलं. उजव्या हाताबद्दल ते म्हणाले की बघू, प्रयत्न करू, महिना-दोन महिन्यांनी. 'बघू' या शब्दाचा अर्थ व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

घरी आल्यावर बायको दोनच वाक्यं बोलली. पहिलं होतं, "आता आंघोळ मी घालत जाईन, मानेला पाणी लागता कामा नये." दुसरं होतं, "त्याईले सांगा."

"कशाले?" मी म्हणालो. "त्याच्या घरी लग्न आहे. मुद्दाम थोडीच केलं त्यानं."

"मुद्दाम नाही केलं म्हणून तं सांगा म्हणते. मुद्दाम करणाऱ्याले सांगून काय फायदा?"

तिला वाटलं मला भाऊची दया येते. दया थोडी होती, पण खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती की तोंड उघडलं तर मी त्याला सांगणार नाही, शिव्याच देईन.

"उद्या तो अजून कोणाचा हात पाहील," ती म्हणाली, "अन् चालू आहे म्हणून सांगेल. मग?"

बुधवारी मी बाकावर जाऊन बसलो. मानेला पट्टी, तिच्यातून बाहेर आलेली नळीची दोन टोकं, त्यावर बायकोने शिवलेली मऊ कापडाची पिशवी. त्या दिवशी एक नवीन बाई आली होती, पस्तिशीच्या आसपासची, तिचा फिस्टुला नुकताच वापरायला घेतला होता. तिला कोणीतरी आमची पद्धत सांगितली असावी. भाऊ एसटीतून उतरून आला तेव्हा ती हात पुढे करूनच बसली होती.

"काका, माझाही पाहा ना. रात्रीपासून कसंतरीच लागून राहिलं."

भाऊ तिच्याजवळ टेकला, तिचा हात घेतला, पंजा सपाट ठेवला आणि डोळे मिटणार तेवढ्यात त्याला माझी मान दिसली.

"हे काय गा, शेठ?"

"हात बंद पडला."

"कधी?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी कसा पडन? शनिवारी मी सोता पाह्यला ना तुह्या दुकानात. चालू होता."

"भाऊ," मी म्हणालो, "तिचा हात सोड. जरा तिकडे भिंतीवर ठेव पंजा."

त्याला वाटलं मी थट्टा करतो. तो हसला सुद्धा. पण मी हसत नव्हतो. तो उठला. सेंटरच्या त्या हिरव्या ऑइलपेंट मारलेल्या भिंतीवर त्याने डावा पंजा मनगटापर्यंत सपाट ठेवला, आमच्या हातांवर ठेवायचा तसाच, आणि डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने हात काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा ठेवला. मग खाली वाकून लोखंडी बाकावर ठेवला. मग आपल्या कापडी पिशवीवर.

"चालू हाय," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

मला वाटलं होतं की हे दाखवून दिलं की माझं समाधान होईल. तसं काही झालं नाही. तो बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेका माणसाकडे पाहत होता. त्या बाकावर असा एकही माणूस नव्हता ज्याच्या हातावर त्याने पंजा ठेवलेला नव्हता. आणि जे आता त्या बाकावर बसायला येत नव्हते, त्यांच्याही हातांवर त्याने तो ठेवलेला होता. ते कोण कोण हे मला आठवलं तसं त्यालाही आठवलं असणार.

नव्या बाईचा हात अजून पुढेच होता. "सांगा ना काका. चालू आहे का?"

"मले नाही समजत, पोरी," भाऊ म्हणाला. "आत जाऊन त्याईले दाखव. नाव पुकारायची वाट नको पाहू. आत्ता जा."

ती घाबरून उठली आणि आत गेली. भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला. डावा हात त्याने मांडीवर ठेवला नाही, बाकावरही ठेवला नाही. कोपरातून वाकवून हवेत धरून ठेवला, कशालाच टेकू न देता.

"म्हंजे शनिवारी तुह्या हातात काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

"अन् मी म्हटलं म्हनून तू थांबला."

"हो."

त्याने माझ्या मानेतल्या नळीकडे पाहिलं. "तू तेव्हाच गेला असता," त्याने विचारलं, "तं हात वाचला असता का गा?"

डॉक्टर काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द पाठ होतं. शीर आधीच अरुंद होती, आणि नक्की वाचलाच असता असं कोणी म्हणू शकत नव्हतं. तेवढं सांगितलं असतं तर त्याला तो हात खाली ठेवता आला असता. त्याच्या घरी पुढच्या आठवड्यात लग्न होतं.

"हो," मी म्हणालो. "वाचला असता."